हाय-एंड प्रीअ‍ॅम्प निवडताना: आधी हिशेब, मग कान

पहिला स्वतंत्र प्रीअ‍ॅम्प घेताना मी सगळी चौकशी आवाजाचीच केली होती. आवाज गोड आहे ना, मोकळा आहे ना, तासन्‌तास ऐकलं तरी कान थकत नाहीत ना. घरी आणून जोडला आणि रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात गायन लावलं, तर दोन स्पीकरच्या मधोमध बसायचा तो गळा डावीकडे वीतभर सरकलेला. नॉब थोडा वर नेला की गळा मध्ये यायचा, पण मग आवाज घर जागं करेल इतका व्हायचा. घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत सांगायचं तर नॉब सातला पूर्ण बंद, आणि साडेआठच्या पुढे तो मला कधी नेताच आला नाही. दोन आठवडे मी केबल बदलत आणि स्पीकर सरकवत बसलो. यंत्र ठणठणीत होतं. माझ्या पॉवर अ‍ॅम्पशी (स्पीकरला हाकणाऱ्या यंत्राशी) आणि स्पीकरशी त्याची जुळणी होत नव्हती एवढंच, आणि ते विकत घेण्याआधी कागदावर पाच मिनिटांत कळलं असतं.

म्हणून हा लेख हिशेबापासून सुरू होतो आणि ऐकणं शेवटी येतं. आवाजाची चव ही खरी गोष्ट आहे, मी ती नाकारत नाही. पण जुळणीच चुकली असेल तर तुम्ही ऐकता ती चव प्रीअ‍ॅम्पची नसते, चुकलेल्या जुळणीची असते.

नावावर जाऊ नका

प्रीअ‍ॅम्प म्हणजे पॉवर अ‍ॅम्पच्या आधी सिग्नल वाढवणारं यंत्र, असा शब्दाचा अर्थ. एके काळी ते खरंही होतं. मॅरांट्झचं १९५८ सालचं मॉडेल ७ पाहा: रेकॉर्डच्या सुईतून येणारा मिलिव्होल्टमधला सिग्नल उचलायचा, रेकॉर्डच्या ध्वनिमुद्रणात मुद्दाम बदललेला स्वरांचा समतोल पूर्ववत करायचा, टेप आणि ट्यूनर सांभाळायचे, खर्ज आणि तार कमीजास्त करायचे. त्या काळच्या प्रीअ‍ॅम्पला अंगमेहनत होती.

१९८२ मध्ये सीडी प्लेअर आला आणि त्याच्याबरोबर २ व्होल्टचं आउटपुट रूढ झालं. आजचे बहुतेक डॅकही (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी यंत्रं) कमाल पातळीला २ व्होल्टच देतात, बॅलन्स्ड जोडणीतून बहुधा ४. आता पॉवर अ‍ॅम्पकडे बघा. पुष्कळ पॉवर अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, २६ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास असतो, म्हणजे व्होल्टेज २० पट. २ व्होल्ट आत गेले तर ४० व्होल्ट बाहेर यायला हवेत, आणि ८ ओहमच्या स्पीकरवर ४० व्होल्ट म्हणजे २०० वॅट. तुमचा अ‍ॅम्प १०० वॅटचा असेल तर त्याला पूर्ण ताकद गाठायला १.४ व्होल्ट पुरतात. मधल्या प्रीअ‍ॅम्पने काडीचाही गेन दिला नाही तरी अ‍ॅम्पची मर्यादा ओलांडली जाईल.

आणि हे झालं पूर्ण ताकदीचं. रोजच्या ऐकण्याचं काय? समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी आहे, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर ८७ डीबी आवाज. रात्रीच्या बैठकीला एक मीटरवर ७७ डीबी सरासरी पुरेशी होते. त्यासाठी स्पीकरला लागतात सुमारे ०.९ व्होल्ट, आणि अ‍ॅम्पच्या इनपुटला त्याचा विसावा भाग: ४५ मिलिव्होल्ट. संगीताची सरासरी पातळी कमाल पातळीपेक्षा १८ डीबी खाली धरली तरी डॅककडून पाव व्होल्ट येतो आहे. म्हणजे प्रीअ‍ॅम्पला सिग्नल १५ डीबीने कमी करायचा आहे. त्यात प्रीअ‍ॅम्पचा स्वतःचा गेन २० डीबी असेल, तर आधी ३५ डीबीने घोटून मग २० डीबीने फुगवायचा. माझ्या गळा सरकण्याचं मूळ इथे होतं.

थोडक्यात, आजच्या घरगुती संचात प्रीअ‍ॅम्प बहुतेक वेळ सिग्नल कमी करत असतो. तो कमी करतानाचा त्याचा हात किती सफाईदार आहे, हे बघून तो निवडायचा.

मुळात हवा का?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारणार नाही, म्हणून आपणच विचारायचा. एकच डिजिटल स्रोत असेल, डॅकमध्येच व्हॉल्यूम असेल, पॉवर अ‍ॅम्प जवळच ठेवला असेल, तर डॅक थेट अ‍ॅम्पला जोडून महिनाभर ऐका. समाधान झालं तर पैसे स्पीकरवर किंवा खोलीच्या ध्वनिव्यवस्थेवर लावा. फरक कितीतरी जास्त पडेल.

थेट जोडणीतली अडचण कुठे येते ते मात्र समजून घ्या. डिजिटल व्हॉल्यूममुळे 'बिट कमी होतात' ही भीती आजच्या २४ आणि ३२ बिटच्या डॅकमध्ये फारशी खरी नाही. खरी बाब अशी, की डिजिटल व्हॉल्यूम संगीत खाली आणतं, पण डॅकच्या अ‍ॅनालॉग आउटपुटची स्वतःची सूं तिथेच राहते. डॅकचं सिग्नल आणि नॉइजचं अंतर १२० डीबी असेल आणि तुम्ही ४० डीबी खाली ऐकत असाल, तर उरतात ८० डीबी. साधारण स्पीकरवर हेही चालून जातं. ९८ डीबीच्या हॉर्न स्पीकरवर कान जवळ नेला की सूं ऐकू येते. अ‍ॅनालॉग व्हॉल्यूम संगीताबरोबर मागून येणारा नॉइजही खाली दाबतं, हा प्रीअ‍ॅम्पचा मोठा फायदा.

टर्नटेबल, डॅक, ट्यूनर असे दोन-तीन स्रोत असतील, पॉवर अ‍ॅम्प स्पीकरजवळ आणि बाकी यंत्रं खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतील, किंवा अ‍ॅम्पचं इनपुट अवघड असेल, तर प्रीअ‍ॅम्प हवाच.

पायरी पहिली: घरातल्या यंत्रांचे आकडे लिहून काढा

कोणत्याही मॉडेलचं नाव मनात यायच्या आधी हे कागदावर असू द्या:

– प्रत्येक स्रोताचं कमाल आउटपुट, व्होल्टमध्ये
– पॉवर अ‍ॅम्पचा गेन, आणि त्याचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत विरोध)
– स्पीकरची सेन्सिटिव्हिटी
– प्रीअ‍ॅम्प ते पॉवर अ‍ॅम्प केबलची लांबी

माहितीपत्रकात गेनऐवजी 'इनपुट सेन्सिटिव्हिटी' दिलेली असते तेव्हा गेन काढता येतो. वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ घ्या आणि त्याला सेन्सिटिव्हिटीने भागा. १०० वॅट, ८ ओहम, १.४ व्होल्ट असेल तर ८०० चं वर्गमूळ २८.३, भागिले १.४, म्हणजे २० पट.

आता प्रीअ‍ॅम्पचा गेन. फक्त डिजिटल स्रोत आणि २६ डीबीचा अ‍ॅम्प असेल तर शून्य ते ६ डीबी गेन भरपूर. फोनो स्टेजसारखे (रेकॉर्डच्या सुईचा सिग्नल वाढवणारा भाग) कमी आउटपुटचे स्रोत असतील तर १० ते १२ डीबी ठीक. २० डीबीच्या पुढचा प्रीअ‍ॅम्प मी फक्त तेव्हा घेईन, जेव्हा अ‍ॅम्पचा गेन खरोखर कमी असेल किंवा स्पीकर फार मंद असतील. काही प्रीअ‍ॅम्पमध्ये गेन कमी करायची सोय असते, मागच्या बाजूला खटका किंवा आत जंपर. ती असेल तर त्या यंत्राला माझ्याकडून लगेच दोन गुण जास्त.

गेन नसलेला प्रीअ‍ॅम्प म्हणजे काहीतरी कमी प्रतीचं, असं नव्याने येणाऱ्यांना वाटतं. नेल्सन पास हे पॉवर अ‍ॅम्पच्या रचनांसाठी जगभर ओळखले जाणारे अभियंते. त्यांनी २००८ मध्ये स्वतः बांधणाऱ्यांसाठी बी१ नावाचा बफर दिला. त्यात गेन शून्य. निवड, व्हॉल्यूम आणि पुढच्या यंत्राला हाकण्याची ताकद, एवढंच. हौशी लोक तो आजही आवडीने बांधतात.

पायरी दुसरी: इम्पीडन्सची जुळणी

नियम सोपा आहे. पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या निदान दहापट हवा. ट्रान्झिस्टरच्या प्रीअ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स बहुधा ५० ते ३०० ओहम असतो. तिथे विचार करायचंही कारण नाही.

घोळ होतो तो व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या वापरणाऱ्या) प्रीअ‍ॅम्पमध्ये. कागदावर ६०० ओहम लिहिलेलं असतं, अ‍ॅम्प १० किलोओहमचा असतो, दहापटीचा नियम पाळलेला दिसतो आणि तरीही घरी आल्यावर खर्ज पातळ लागतो. कारण तो ६०० चा आकडा १ किलोहर्ट्झला मोजलेला असतो. व्हॉल्व्हच्या बहुतेक प्रीअ‍ॅम्पमध्ये आउटपुटला एक कपॅसिटर असतो, आणि जसजशी वारंवारता खाली येते तसतसा तो वाट अडवत जातो. समजा तो १ मायक्रोफॅरडचा आहे. १०० किलोओहमच्या अ‍ॅम्पला जोडला तर ३ डीबीची घट १.६ हर्ट्झला, म्हणजे आपल्या कामाच्या खूप खाली. तोच १० किलोओहमला जोडला की ती घट येते १६ हर्ट्झला, आणि ३२ हर्ट्झला जवळजवळ १ डीबी गेलेला असतो. मोठ्या स्पीकरवर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेखालचा तो भरीवपणा, पखवाजाच्या डाव्या पुडीचा भार, हे सगळं थोडं थोडं निघून जातं. मग माणूस म्हणतो, या प्रीअ‍ॅम्पला खर्ज नाही. दुसऱ्या अ‍ॅम्पवर त्याच प्रीअ‍ॅम्पला खर्ज असतो.

म्हणून व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प घ्यायचा असेल तर विक्रेत्याला नेमकं विचारा: २० हर्ट्झला आउटपुट इम्पीडन्स किती? किंवा, कमीत कमी किती किलोओहमचा अ‍ॅम्प जोडायला निर्माता सांगतो? प्रामाणिक निर्माते हा दुसरा आकडा पत्रकात देतात.

पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्पचंही इथेच बोलून घेतो. त्यात वीज नसते, फक्त निवडीचा खटका आणि व्हॉल्यूम. आदर्श जुळणीत त्याच्याइतका स्वच्छ आवाज मी क्वचित ऐकला आहे. पण त्याचा आउटपुट इम्पीडन्स नॉबच्या जागेप्रमाणे बदलतो आणि ६ डीबी खाली असताना सर्वांत जास्त होतो: पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरच्या, मूल्याच्या पावपट. १० किलोओहमचा पॉट असेल तर अडीच किलोओहम, ५० चा असेल तर साडेबारा. त्यापुढे केबलची कपॅसिटन्स येते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. ५० किलोओहमचा पॉट आणि पाच मीटर केबल ही जोडी २० किलोहर्ट्झला २ डीबी खाऊन टाकते. १० किलोओहमचा पॉट आणि एक मीटर केबल असेल तर काहीच जात नाही. पॅसिव्ह घ्यायचा तर यंत्रं शेजारी शेजारी ठेवा.

पायरी तिसरी: व्हॉल्यूम कंट्रोल

माझ्या मते प्रीअ‍ॅम्पमधला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि जाहिरातीत तो सर्वांत कमी दिसतो. सिग्नल प्रत्येक क्षणी यातून जातो. तुमचा हातही रोज यालाच लागतो.

साधा पॉट म्हणजे कार्बनच्या पट्टीवरून सरकणारा संपर्क, दोन चॅनेलसाठी दोन पट्ट्या एका दांड्यावर. आल्प्स कंपनीचा निळ्या रंगाचा पॉट कितीतरी नामांकित यंत्रांत असतो आणि तो चांगलाच आहे. तरी दोन पट्ट्या तंतोतंत सारख्या कधीच नसतात, आणि फरक जास्त असतो तो तळाला, पहिल्या पाव फेरीत. गेन जास्त असला की तुम्ही नेमके त्या तळालाच अडकता. दोन चॅनेलमध्ये दीड-दोन डीबीचा फरक पडला की गळा बाजूला सरकलेला स्पष्ट कळतो.

स्टेप्ड अ‍ॅटेन्युएटरमध्ये पट्टीऐवजी मोजून निवडलेले रेझिस्टर असतात आणि नॉब टप्प्याटप्प्याने खटखट फिरतो. दोन चॅनेल शेवटपर्यंत एकसारखे राहतात. त्याचा दोष टप्प्यांचा: २४ टप्प्यांच्या स्विचमध्ये दोन टप्प्यांत बहुधा २ डीबीचं अंतर ठेवावं लागतं, आणि रात्री एक टप्पा कमी वाटतो, पुढचा जास्त. दुकानात हे लक्षात येत नाही, घरी तिसऱ्या दिवशी येतं. रिलेंची शिडी वापरणाऱ्या यंत्रांत ही अडचण सुटते. सहा रिले म्हणजे ६४ टप्पे, सात म्हणजे १२८, त्यामुळे १ किंवा अर्ध्या डीबीची पावलं मिळतात आणि रिमोटही सहज देता येतो. आवाज बदलताना आतून बारीक टकटक ऐकू येते. मला ती आवडते, काहींना अजिबात खपत नाही, म्हणून आधी ऐकून घ्या.

चिपवर आधारित व्हॉल्यूमला कमी लेखू नका. सीएस३३१० सारखी चिप अर्ध्या डीबीच्या पावलांनी चालते आणि चॅनेलची जुळणी कोणत्याही पॉटपेक्षा चांगली ठेवते. ट्रान्सफॉर्मरवर आधारित व्हॉल्यूम हा वेगळाच आणि सुंदर प्रकार आहे. तो व्होल्टेज खाली आणतो तसा आउटपुट इम्पीडन्सही खाली येतो, म्हणजे पॅसिव्हची मुख्य अडचणच उरत नाही. फक्त त्याला दुसऱ्या यंत्राच्या वीज-ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवावं लागतं, नाहीतर घूं आवाज पकडतो.

कोणताही प्रकार असो, तपासणी एकच. मोनो ध्वनिमुद्रण लावा, एकच गळा असलेलं. व्हॉल्यूम अगदी जेमतेम ऐकू येईल एवढं ठेवा आणि डोळे मिटून नॉब सावकाश वर न्या. गळा मधोमध उगवला पाहिजे आणि मधोमधच मोठा होत गेला पाहिजे. एवढी एक गोष्ट दुकानात केली असती तर माझे दोन आठवडे वाचले असते.

व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर?

यावर लोक हिरिरीने भांडतात. मी दोन्ही वापरले आहेत आणि आता हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर ठेवतो. चांगल्या रचनेचे दोन्ही प्रीअ‍ॅम्प एकमेकांच्या बरेच जवळ येतात, वाईट रचनेचे दोन्ही आपापल्या परीने त्रास देतात.

व्हॉल्व्ह घेत असाल तर कोणता व्हॉल्व्ह आहे ते बघा. १२एएक्स७ चा वाढवण्याचा गुणांक १०० आहे, ६एसएन७ चा २०. १२एएक्स७ गेन भरपूर देतो, पण एकट्याने लांब केबल हाकण्याची ताकद त्याच्यात नाही. पुढे बफर असावा लागतो. लाइन सिग्नलसाठी ६एसएन७ किंवा १२एयू७ असलेल्या रचना मला जास्त सरळ वाटतात.

दुकानातली तपासणी: स्रोत बंद ठेवून व्हॉल्यूम थोडं वर करा आणि पेन्सिलच्या रबराच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी द्या. स्पीकरमधून बारीक 'टिंग' येऊन विरली तर चालेल. घंटेसारखा नाद घुमत राहिला तर तो व्हॉल्व्ह संगीत चालू असतानाही स्पीकरच्या कंपनांनी तसाच घुमणार. आणि व्हॉल्व्हचं आयुष्य काही हजार तासांचं असतं. वर्षाचे तास होतात ८७६०. 'तापलेला राहिला की छान वाजतो' म्हणून तो रात्रंदिवस चालू ठेवणं म्हणजे व्हॉल्व्ह फुकट जाळणं. ऐकायच्या अर्धा तास आधी लावला की पुरे.

रेकॉर्ड ऐकत असाल तर

प्रीअ‍ॅम्पमध्येच फोनो स्टेज घ्यावी की वेगळी? तुमच्याकडे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर आतली चांगली फोनो स्टेज पुरते. त्याचं आउटपुट ३ ते ५ मिलिव्होल्ट, लागतो ४० डीबी गेन आणि ४७ किलोओहमचा भार. मूव्हिंग कॉइलचं आउटपुट मात्र बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत असतं, ६० डीबी किंवा जास्त गेन लागतो आणि प्रत्येक कार्ट्रिजला वेगळा भार मानवतो, अनेकांना १०० ओहमच्या आसपास. तिथे गेन आणि भार दोन्ही बदलता येणारी स्वतंत्र फोनो स्टेज घ्या, आणि प्रीअ‍ॅम्प फक्त लाइन सिग्नलचा.

रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार चढवलेला असतो. १९५० च्या दशकात रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे फोनो स्टेज ते उलटवते. १ किलोहर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झला १९ डीबीहून जास्त चढवायचं आणि २० किलोहर्ट्झला तितकंच उतरवायचं, म्हणजे काम नाजूक आहे. पत्रकात या वक्रापासूनचा फरक दिलेला असतो. तो ०.५ डीबीच्या आत हवा, ०.२ असेल तर उत्तम.

एक्सएलआर सॉकेट दिसलं म्हणून भुलू नका

बॅलन्स्ड जोडणीत सिग्नल दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो आणि पुढचं यंत्र त्यांतला फरक घेतं. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच असल्याने फरकात ती गळून जाते. लांब केबलसाठी हे खरोखर उपयोगाचं आहे. पण काही यंत्रांत मागे या जोडणीचं एक्सएलआर सॉकेट असतं आणि आत सगळं एकेरीच, पाठीवर फक्त वेगळा सॉकेट बसवलेला. एक मीटर केबलवर घूं आवाज नसेल तर आरसीए (साधी एकेरी जोडणी) आणि एक्सएलआर यांत फरक शोधत बसू नका. आणि एक्सएलआरमधून आवाज मोठा येतो तो बहुधा ६ डीबी जास्त पातळीमुळे, 'मोकळेपणा'मुळे नाही.

बाकी सोयी पटकन: रिमोट घ्याच, कारण योग्य पातळी खुर्चीत बसूनच ठरते. चित्रपटांसाठी वेगळा रिसीव्हर असेल तर थिएटर बायपास (रिसीव्हरचा सिग्नल व्हॉल्यूम न बदलता पुढे पाठवणारी सोय) हवा. बॅलन्सची सोय असली तर कडेच्या भिंतींमुळे बिघडलेला समतोल सावरता येतो.

जुना घेत असाल तर

या वर्गातली यंत्रं वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे वापरलेला प्रीअ‍ॅम्प हा शहाणपणाचा मार्ग आहे. नॉब फिरवताना खरखर आली तर ती नुसती धूळ असू शकते, पण आधीच्या कपॅसिटरमधून डीसी गळत असल्यानेही पॉट खरखरतो. मल्टिमीटर सोबत न्या आणि आउटपुटवरचा डीसी मोजा. दोन-चार मिलिव्होल्ट ठीक. २० मिलिव्होल्ट असेल आणि तुमचा अ‍ॅम्प आत डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरशिवाय थेट जोडलेला असेल, तर त्याचे स्पीकरवर ४०० होतात. वीस वर्षांपुढच्या यंत्रात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायचा खर्च धरूनच भाव करा. यंत्र कोणत्या देशासाठी बनलं होतं आणि वीजपुरवठ्याचं व्होल्टेज जुळतं का, हेही मागच्या पट्टीवर वाचा. मूळ रिमोट नसेल तर तो मिळेल असं गृहीत धरू नका.

पायरी शेवटची: ऐकणं

कागदावर टिकलेले दोन, फार तर तीन प्रीअ‍ॅम्प उरले की ऐकायला बसा, शक्यतो स्वतःच्या खोलीत आणि स्वतःच्या अ‍ॅम्पवर. इथे एकच चूक सगळ्यांची होते. दोन यंत्रांतलं एक अर्ध्या डीबीने जरी मोठं असलं तरी कानाला ते मोठं वाटत नाही. ते जास्त स्पष्ट, जास्त जिवंत वाटतं. त्यामुळे पातळी मोजून सारखी करणं अटळ आहे, कानाने ती सारखी होत नाही.

मोजायची अशी. ४०० हर्ट्झचा स्थिर सूर लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची टोकं स्पीकरच्या टर्मिनलला लावा. दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. पहिल्या प्रीअ‍ॅम्पवर १.०० व्होल्ट येईपर्यंत नॉब फिरवा. दुसरा जोडून तोच आकडा आणा. १.०१ आला तरी फरक ०.१ डीबीच्या आत आहे. २ डीबीच्या टप्प्यांचा अ‍ॅटेन्युएटर असेल तर तो आधी लावा आणि दुसरा त्याला जुळवून घ्या. दोन्ही चॅनेल मोजा, म्हणजे जुळणीचा दोषही आकड्यात दिसतो.

मग ओळखीचं संगीत. मी तीन गोष्टी ऐकतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा छेडल्यावर स्वर विरत जातो तो किती लांबवर ऐकू येतो. पियानोच्या मधल्या सप्तकात एकेक स्वर सारख्या वजनाचा येतो का. आणि आवाज अगदी कमी केल्यावर गाण्याचे शब्द कळतात का. ही तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण प्रीअ‍ॅम्प तिथेच उघडा पडतो. आधी झटपट अदलाबदल करून फरक शोधा, मग प्रत्येक यंत्रावर एक पूर्ण संध्याकाळ बसा. कान थकवणारं यंत्र पहिल्या दहा मिनिटांत बहुधा सर्वांत आकर्षक वाटतं.

नॉइज तपासायला स्रोत थांबवा, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा आणि कान ट्वीटरपासून हातभर अंतरावर आणा. सूं ऐकू आली तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. सूं कमी झाली तर ती व्हॉल्यूमच्या आधीची, म्हणजे स्रोताची किंवा इनपुटची. तशीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढची. मग सगळं बंद करून प्रीअ‍ॅम्पची केबल काढा, पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं जोडून ते शांत करणारा) लावा आणि पुन्हा सुरू करा. तरीही आहे? मग ती अ‍ॅम्पची आहे, प्रीअ‍ॅम्पवर दोष टाकू नका. ऐकायच्या जागेवरून काहीच ऐकू येत नसेल तर हा सगळा तपास सोडून संगीत लावा.

घरी पहिल्या दिवशी जोडताना क्रम पाळा: आधी स्रोत आणि प्रीअ‍ॅम्प सुरू करायचे, व्हॉल्व्ह असतील तर ते स्थिर होऊ द्यायचे, मग पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना पॉवर अ‍ॅम्प सर्वांत आधी. उलटं केलं की 'धप्' असा धक्का स्पीकरच्या कोनला बसतो.

आठवडाभर ऐकल्यावर नॉब रोज कुठे असतो ते बघा. दहा ते एकच्या दरम्यान असेल तर जुळणी छान झाली. नऊच्या खालीच राहत असेल तरी यंत्र परत करायची घाई नको. १० किंवा १२ डीबीचे इनलाइन अ‍ॅटेन्युएटर मिळतात, बोटाएवढे, केबलच्या टोकाला बसणारे. ते पॉवर अ‍ॅम्पच्या बाजूला लावायचे, म्हणजे प्रीअ‍ॅम्पची स्वतःची सूंही तेवढीच खाली जाते. त्यांचा इनपुट इम्पीडन्स तेवढा वर सांगितलेल्या दहापटीच्या नियमात बसतो ना ते बघा. माझ्या त्या पहिल्या प्रीअ‍ॅम्पला अखेर हीच जोडी लावली. नॉब अकराच्या जवळ आला, आणि रात्रीच्या हळू आवाजातही गळा मधोमध बसला. तो प्रीअ‍ॅम्प त्यानंतर सहा वर्षं माझ्याकडे होता.